जुनी कुऱ्हाड दुरुस्त करणे आणि नवा लाकडी दांडा बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गंजकी कुऱ्हाड हाती आली की बहुतेकांचे लक्ष आधी गंजाकडे जाते. पाते घासून चकचकीत केले की कुऱ्हाड दुरुस्त झाली, असे वाटते. पण कुऱ्हाड बिघडते आणि सुधारते ती पाते आणि दांडा जिथे एकमेकांत बसतात त्या दोन-तीन इंचांत. म्हणून पुढच्या उत्तरांत दांड्याला जास्त जागा दिली आहे आणि पात्याच्या चकाकीला कमी.

तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील. पात्यातले आरपार भोक, ज्यात दांडा बसतो, ते नेढे. धारेच्या विरुद्ध बाजूचा बोथट, जाड भाग म्हणजे तुंबा. आणि दांडा नेढ्यात आवळून धरणारा लाकडाचा निमुळता तुकडा म्हणजे पाचर.

ही कुऱ्हाड दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

आधी नेढे पाहा. त्याच्या दोन्ही भिंतींवरचा मळ तारेच्या ब्रशने काढा आणि उजेडात तिरपे धरून चीर आहे का ते शोधा. केसाएवढी चीर दिसली तरी ती कुऱ्हाड चालवू नका, भिंतीवर टांगून ठेवा. दुसरी खूण आवाजाची. पाते दोरीला टांगून लहान हातोडीने हलकेच टिचकी मारा. निकोप पाते घंटेसारखे वाजते, तडकलेले भद्द वाजते. ही खूण शंभर टक्के भरवशाची नाही, पण डोळ्यांनी न दिसलेली चीर शोधायला मदत होते.

मग धार. चांगल्या कानशीचे टोक धारेवरून फिरवा. कानस थोडी घसरत, थोडी चावत गेली तर पोलादाचे पाणी, म्हणजे तापवून थंड करताना आणलेला कडकपणा, शाबूत आहे. लोण्यात शिरावी तशी रुतली तर पाते कधीतरी आगीत पडले असावे किंवा ग्राइंडरवर तापून त्याचे पाणी उतरले असावे. अशा पात्याला पुन्हा पाणी द्यावे लागते आणि ते काम लोहाराचे आहे.

तुंब्याची कड ठोकून ठोकून छत्रीसारखी पसरली असेल तर ती कड घासून काढा. तिचे तुकडे उडून डोळ्यात जातात. पण तुंब्यावर घणाचे घाव पडल्याने नेढ्याच्या भिंती बाहेर फुगल्या असतील, तर दांडा कधीच नीट बसणार नाही.

जुना दांडा निघत नाही. जाळून काढू का?

नको. दांडा जाळून काढल्यामुळे जितकी चांगली पाती वाया गेली आहेत तितकी गंजाने गेली नसतील. नेढ्यातले लाकूड धुमसताना पाते सहज ३०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि धारेचे पाणी उतरते. बाहेरून काहीच कळत नाही. कळते ते पुढे, दर चार घावांनी धार दुमडायला लागली की.

दांडा पात्याच्या खाली लगत करवतीने कापा. नेढ्यात उरलेल्या लाकडात ड्रिलने जवळ जवळ पाच-सहा भोके पाडा. जुनी लोखंडी पाचर असेल तर ती चुकवा. मग पाते व्हाइसच्या (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंजाच्या) उघड्या जबड्यांवर टेकवा आणि जाड खिळ्याने किंवा लोखंडी कांबीने लाकूड ठोकून बाहेर काढा.

ठोकण्याआधी नेढ्याची दोन्ही तोंडे मोजा. वरचे तोंड खालच्यापेक्षा मोठे असेल तर लाकूड खालून वर ठोकायचे. काही कुऱ्हाडींत कुदळीसारखी सोय असते: दांडा वरून घातलेला असतो, त्याचे डोके जाड असते आणि पाचर नसतेच. तिथे पाते मुठीच्या दिशेने ठोकले की सुटते आणि बहुधा दांडाही वाचतो.

गंज कशाने काढावा?

वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, थोडे तेल आणि पॉलिश पेपर पुरे. जाड, पापुद्रे सुटलेला गंज असेल तर साध्या व्हिनेगरमध्ये पाते बुडवून ठेवा. १२ ते २४ तास बस्स. अधूनमधून काढून ब्रश फिरवा. व्हिनेगर गंज खाते तसे हळूहळू लोखंडही खाते, म्हणून आठवडाभर विसरून जाऊ नका. बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात धुवा, लगेच कोरडे पुसा आणि तेलाचा हात फिरवा. ओले ठेवले तर डोळ्यांदेखत नारिंगी छटा चढते.

इथे थांबून पाते नीट न्याहाळा. व्हिनेगरमधून निघालेल्या बऱ्याच जुन्या पात्यांवर धारेलगत एक वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो, अनेकदा अधिक गडद. पाणी दिलेले कडक पोलाद तिथपर्यंत आहे. हा पट्टा बोटभर रुंद असेल तर पात्याचे आयुष्य भरपूर उरले आहे. नखाएवढाच असेल तर कानस अगदी जपून चालवा, कारण त्या रेषेपलीकडे धार टिकणार नाही.

पात्यावर जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ श्वासात जाणे घातक आहे. रंग काढायचे रसायन लावून ओलाच खरवडा.

पाते आरशासारखे करावे का?

माझ्या मते नाही. खड्डे निघेपर्यंत घासायचे म्हणजे चांगले पोलाद कमी करायचे. गंजाने पडलेले बारीक खड्डे कापण्याच्या आड येत नाहीत, फक्त धारेच्या शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरात ते नसावेत. गंज गेल्यावर उरणारा काळसर थर राहू द्या.

दांड्यासाठी कोणते लाकूड घ्यावे?

दांड्याच्या लाकडाकडून दोन गोष्टी हव्यात: धक्का सोसावा आणि थोडे लवावे. नुसता कठीणपणा उपयोगाचा नाही. फार कठीण पण ठिसूळ लाकूड एका आडव्या घावात काडकन मोडते. हिकरी आणि अ‍ॅश ही दोन परदेशी लाकडे यासाठीच नावाजलेली आहेत. आपल्या ओळखीच्या झाडांत धामण लवचिकपणासाठी, धावडा चिवटपणासाठी आणि बाभूळ दणकटपणासाठी चांगली. सागवान दिसायला देखणे आणि टिकाऊ, पण वारंवार धक्के सोसायला कमी पडते. दाराला चालते, कुऱ्हाडीला नाही. पाइन, देवदार यांसारखी मऊ लाकडे तर विसराच.

लाकडाच्या रेषांचा एवढा बाऊ का करतात?

कारण दांडा मोडतो तो रेषेवरूनच. लाकूड म्हणजे लांब तंतूंची जुडी. तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेले तर जुडी लवते. मधेच तिरपे होऊन बाजूने बाहेर पडले तर तिथे लाकूड फक्त एकमेकांना चिकटलेले असते आणि घाव बसताच सोलून निघते. म्हणून दांड्याची बाजू उजेडात धरून एक रेषा निवडा आणि बोटाने तिचा माग काढा. ती निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत बाजूने बाहेर पडता कामा नये. मूठ आणि पात्यालगतचा भाग इथे तर अजिबात नको.

टोकाला दिसणारी वर्षवलये धारेला समांतर असावीत की आडवी, यावर खूप चर्चा होते. समांतर असलेली चांगली. पण आडवी वलये आणि सलग तंतू असलेला दांडा, समांतर वलये आणि तिरपे तंतू असलेल्या दांड्यापेक्षा मी कधीही पसंत करीन.

सलग तंतू मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे ओंडका करवतीने न चिरता पाचरी ठोकून फोडणे. करवत तंतू पाहत नाही, सरळ जाते. फोडलेले लाकूड मात्र तंतूंच्याच वाटेने उकलते. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवा आणि झाडाचा अगदी मधला गाभाही दांड्यात येऊ देऊ नका, तिथून तडे सुरू होतात.

ओल्या लाकडाचा दांडा लगेच बसवला तर चालेल का?

नाही. ओले लाकूड तासायला सोपे जाते, म्हणून मोह होतो. पण सुकताना ते जाडीत ५ ते १० टक्क्यांपर्यंत आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. नेढ्यात गच्च बसलेला दांडा दोन महिन्यांत खुळखुळू लागतो. मी केलेला पहिला दांडा असाच गेला. तासताना सुरेख वाटला होता, पाचर घट्ट बसली होती, आणि उन्हाळा सरायच्या आत पाते एका घावात वेडेवाकडे फिरले. जवळ कोणी उभे नव्हते, म्हणून निभावले. तेव्हापासून मी लाकडाला घाई करत नाही.

मधला मार्ग आहे. ओल्या लाकडाला दांड्याचा ढोबळ आकार द्या, चहूबाजूंनी सेंटिमीटरभर जास्त ठेवून. दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, म्हणजे टोके आधी सुकून तडकणार नाहीत. मग सावलीत, हवेशीर जागी आडवे ठेवा. जाड फळीला इंचामागे वर्ष असा जुना ठोकताळा आहे. ढोबळ तासलेला दांडा त्याहून लवकर सुकतो. भरवशाची परीक्षा वजनकाट्याची: दर आठवड्याला वजन करून लाकडावरच पेन्सिलीने लिहा. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तयार.

दांडा किती लांब असावा? सरळ की बाकदार?

एका हाताच्या ६०० ग्रॅमच्या लहान कुऱ्हाडीला ३५ ते ४५ सेंटिमीटर. किलोभराच्या पात्याला ६० ते ७०. दीड किलो किंवा त्याहून जड पात्याला ७५ ते ९०. फार आखूड दांड्याची मोठी कुऱ्हाड जास्त धोक्याची असते, कारण हुकलेला घाव जमिनीत न जाता पायाकडे येतो.

बाकदार दांडा हातात छान बसतो, पण बाक देताना तंतू कापले जातात. पहिला दांडा सरळच करा. आडवा छेद मात्र गोल नको, अंड्यासारखा लांबट हवा. गोल दांडा हातात फिरतो आणि अंधुक उजेडात धार कुठे वळली आहे ते कळत नाही. अंडाकृती दांडा तळव्याला ते आपोआप सांगतो. शेवटच्या टोकाला थोडी फुगीर गाठ ठेवली की घामट हातातून दांडा निसटत नाही. आणि मधला भाग जाड ठेवू नका. विकतचे दांडे बहुधा गरजेपेक्षा जाड असतात, त्यामुळे धक्का सरळ मनगटात येतो.

पात्यात दांडा नेमका कसा बसवायचा?

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून यासाठी पूर्ण दुपार मोकळी ठेवा.

आधी नेढे आतून साफ करा. जुने लाकूड, गंज, धारदार कंगोरे अर्धगोल कानशीने काढा. तोंडाची कड किंचित गोल करा, नाहीतर ती दांड्याला सुरीसारखी कापत राहते. दांड्याच्या टोकावर नेढ्याचा आकार पेन्सिलीने उतरवा आणि त्याच्या बाहेर दीड-दोन मिलिमीटर ठेवून तासा. दोन मुठींचा सुरा असेल तर उत्तम. नसेल तर पटाशी आणि लाकडाची खडबडीत कानस.

आता नेढ्याच्या आतल्या भिंतींना काजळी किंवा पेन्सिलीची पूड चोळा. दांडा जाईल तेवढा आत सरकवा, मोगरीने (लाकडी हातोड्याने) दोन ठोके द्या आणि बाहेर काढा. लाकडावर जिथे काळे डाग उमटले तिथे ते अडते आहे. फक्त तेच डाग कानशीने उडवा. बाकीच्या जागेला हात लावू नका. पुन्हा काजळी, पुन्हा ठोके, पुन्हा डाग. सुरुवातीला डाग दोन-तीन ठिकाणीच, मोठे आणि गडद असतात. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर ते सगळीकडे पसरतात, बारीक आणि फिके, जणू लाकडावर राख उडाली आहे. असा डाग दिसला म्हणजे नेढे आणि लाकूड सगळीकडे भेटले. पाचव्या फेरीला कंटाळून एकदम जास्त कापले तर पोकळी राहते आणि ती कुठलीही पाचर भरून काढत नाही.

प्रत्येक फेरीत रोख तपासा. कुऱ्हाड उलटी धरून धारेकडून दांड्याकडे नजर टाका. धार दांड्याच्या मधोमध दिसली पाहिजे. तिरकी दिसत असेल तर आत्ताच सुधारा.

शेवटची बसवणी ठोकून होते, पण ठोके पात्यावर द्यायचे नाहीत. कुऱ्हाड अशी धरा की पाते खाली हवेत लोंबेल आणि दांड्याचे मुठीकडचे टोक वर येईल. त्या टोकावर मोगरीने सणसणीत ठोके द्या. पाते आपोआप दांड्यावर वर चढत येते. पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही. कारण साधे आहे: पाते जड असल्यामुळे जागचे हलायला वेळ घेते, तेवढ्यात दांडा त्याच्यातून खाली सरकलेला असतो. नेढ्याच्या कडेवर लाकडाचा पातळ किस वळून वर येतो. तो दिसला की बसवणी घट्ट चालली आहे असे समजा.

दांडा नेढ्याच्या वर ४ ते ६ मिलिमीटर बाहेर राहू द्या, सपाट कापू नका. पाचर ठोकल्यावर हा वरचा भाग थोडा फाकतो आणि पाते निसटू देत नाही.

पाचर कशी असावी? लोखंडी, की गोंद लावून?

बसवणीआधी दांड्याच्या टोकाला लांबट बाजूने मधोमध चीर पाडायची, नेढ्याच्या खोलीच्या सुमारे दोन तृतीयांश. पाचर दांड्याइतक्याच कठीण किंवा किंचित मऊ लाकडाची, नेढ्याच्या पूर्ण लांबीची आणि हळूहळू जाड होत जाणारी हवी. फार बोथट पाचर चिरेच्या तोंडाशीच अडकते, खालपर्यंत आवळत नाही. जवसाच्या तेलात बुडवून ठोका. आवाज बदलतो तिकडे कान ठेवा: पोकळ ठोका घट्ट, टणक झाला की थांबा.

गोंद मी वापरत नाही. नीट बसलेल्या दांड्याला त्याची गरज नसते आणि पुढच्या वेळी दांडा काढणाऱ्याला त्याचा त्रास होतो. लोखंडी पाचर राखून ठेवा. काही वर्षांनी किंचित ढिलाई आली तर तिरपी मारून काम भागते. पहिल्याच दिवशी मारली तर पुढे उपाय उरत नाही.

दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. बरोबर आहे का?

सकाळी घट्ट वाटते खरी. पण फुगलेले लाकूड लोखंडाच्या भिंतींत चिरडले जाते, तंतू दबतात आणि सुकल्यावर पूर्वीपेक्षा जास्त सैल होते. वर नेढ्यात आतून गंज धरतो. त्याऐवजी वर सांगितल्याप्रमाणे उलटी धरून ठोका आणि लाकडी पाचर आणखी आत जाते का ते पाहा. मग वरच्या टोकाला दोन-तीन दिवस जवसाचे तेल पाजा. तेल पाण्यासारखे उडून जात नाही.

धार कशी लावावी? ग्राइंडर चालेल का?

कानशीने. पाते व्हाइसमध्ये पक्के आवळा, जाड हातमोजे घाला आणि कानस धारेच्या दिशेने पुढे ढकला. मागे आणताना उचला, कारण कानस फक्त पुढे जाताना कापते. पाते स्केच पेनने काळे करून घेतले तर कानस कुठे लागते ते लगेच दिसते. दोन्ही बाजूंचा मिळून कोन ३० अंशांच्या आसपास ठेवा. कठीण लाकडासाठी थोडा जास्त. धारेच्या मागचा भाग सपाट न ठेवता किंचित फुगीर असू द्या, म्हणजे पाते लाकडात रुतून बसत नाही आणि ढलपी बाहेर फेकली जाते. एका बाजूला घासताना दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक कड उलटलेली बोटाला जाणवली की बाजू बदला. मग धारेचा दगड, आधी खरबरीत, नंतर बारीक. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात.

ग्राइंडर फक्त मोठा तुकडा निघालेली धार सरळ करायला, तोही क्षणभर लावायचा आणि पाते पाण्यात बुडवायचे. धार हाताला चटका देते आहे म्हणजे उशीर झालाच. पिवळसर छटा हा इशारा. निळी छटा म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले, तो भाग कानशीने पूर्ण काढावा लागतो.

दांड्याला व्हार्निश लावू की तेल?

तेल. व्हार्निशचा गुळगुळीत थर तळव्याला फोड आणतो. जवसाचे साधे तेल मुरते, पण सुकायला आठवडे घेते. रंगकामातले बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) लवकर सुकते. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून टाका आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दोन्ही टोकांना जास्त पाजा, लाकूड पाणी पिते ते टोकांतूनच.

तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेशी संयोग होऊन सुकते आणि त्यात उष्णता निघते. गोळा केलेल्या चिंध्यांत ती साठून चिंध्या आपोआप पेट घेतात. प्रत्येक चिंधी उघड्यावर सपाट पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

नवा दांडा बसवल्यावर लगेच काम सुरू करता येईल का?

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस हलके घाव घाला आणि थांबा. नेढ्याच्या खालच्या तोंडाशी आधी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलेली असावी. पाते त्या रेघेपासून सरकले आहे का, पाचर वर आली आहे का, दांड्यावर कुठे पांढरी तडकलेली रेघ दिसते का, हे पाहा. सगळे जागच्या जागी असेल तर पुढे चला. त्यानंतरही प्रत्येक वेळी कुऱ्हाड उचलल्यावर आधी पाते हाताने हलवून पाहा, आणि काम संपल्यावर धारेवर चामड्याचे म्यान चढवून ती कोरड्या जागी ठेवा, चुलीजवळ किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली नाही. तिथे दांडा आक्रसतो आणि सगळे पुन्हा करावे लागते.